जिताडा तळ्यात अंडी का घालत नाही?

खारेपाटात मत्स्यशेतीचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास विचारला जातो. तळ्यात चार तिलापिया सोडले तर वर्षभरात तळे पिल्लांनी भरून जाते. मग जिताडाच असा का? चांगला पाच-सहा किलोचा होईपर्यंत सांभाळला, खाऊ घातला, तरी तळ्यात त्याचे एकही पिल्लू दिसत नाही. दर पावसाळ्यात बी खाडीवरूनच आणावे लागते आणि ते बी पूर्वीसारखे मिळत नाही, अशी तक्रार पनवेल, उरण, पेण, अलिबाग या सर्वच तालुक्यांतून ऐकू येते.

या प्रश्नाचे निम्मे उत्तर माशाच्या शरीरात आहे आणि निम्मे आपल्या बांधाच्या उघाडीवर आहे. पहिले निम्मे कळले म्हणजे उघाडीवर काय करावे हे बरेचसे आपोआप उमगते. म्हणून आधी माशाकडे पाहू.

दोन पाण्यांचे दोन प्रवासी

उलवे गावाची जुनी मांडणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला पनवेलची खाडी आणि मध्ये बांध घालून राखलेली खार जमीन. डोंगरावरून येणारे गोडे पाणी शेतातून नाल्यात, नाल्यातून उघाडीत आणि उघाडीतून खाडीत जाई. मृगाचे पहिले मोठे पाऊस पडले की या एकाच वाटेवर दोन प्रकारचे मासे प्रवासाला निघतात.

पहिला प्रवास आपल्या सर्वांच्या ओळखीचा, तो म्हणजे वलगण. नदीच्या डोहात उन्हाळा काढलेले मळे, शिंगट्या, खवल्या यांसारखे गोड्या पाण्यातील मासे अंड्यांनी भरलेल्या पोटाने उलट्या प्रवाहात चढतात, ओहोळातून भातखाचरात शिरतात आणि तेथे उथळ, कोमट, नव्याने भरलेल्या पाण्यात अंडी सोडतात. नव्या पाण्यात किडा-शेवाळ भरपूर असते, मोठे भक्षक कमी असतात. पिल्लांसाठी यापेक्षा चांगली जागा नाही. हे मासे जन्मभर गोड्या पाण्यातच राहतात. नदी ते शेत एवढाच त्यांचा प्रवास.

दुसरा प्रवास खालून वर होतो आणि तो सहसा डोळ्यांना दिसत नाही. जिताड्याची बोटाच्या पेराएवढी पिल्ले भरतीबरोबर खाडीत येतात, खारफुटीच्या मुळांत थांबतात आणि उघाडीतून बाहेर पडणाऱ्या गोड्या पाण्याचा माग घेत त्या धारेवर चढतात. नाल्यात, तळ्यात, नदीत ती दोन-तीन वर्षे वाढतात. मोठी झाली की उलट खाली, समुद्राकडे जातात. बोयही समुद्रातच अंडी घालते आणि तिची पिल्ले खाडीत वाढतात. सह्याद्रीच्या नद्यांतील अँग्विला जातीची मोठी वाम तर वर्षानुवर्षे गोड्या पाण्यात काढते आणि अंडी घालायला दूर समुद्रात जाते.

म्हणजे जिताडा हा तळ्याचा मासा नव्हे आणि निव्वळ समुद्राचाही नव्हे. गोव्याकडे याला चोणक म्हणतात, बंगालात भेटकी, ऑस्ट्रेलियात बॅरामंडी. नाव कोणतेही असो, त्याचा पाळणा खाऱ्या पाण्यात आणि कुरण गोड्या पाण्यात, हे सगळीकडे सारखेच.

कैरी आणि मनुका

खाऱ्या पाण्यातून गोड्यात जाणे ही माशाच्या दृष्टीने साधी गोष्ट नाही. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की तासाभरात त्यांना पाणी सुटते. उलट मनुका साध्या पाण्यात टाकला की फुगतो. पाणी कमी मिठाकडून जास्त मिठाकडे जाते, हाच तो नियम. माशाच्या पातळ कल्ल्यांतूनही हेच चालू असते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. माशाच्या रक्तात साधारण १० ग्रॅमच्या आसपास, तर ओढ्याच्या पाण्यात जवळजवळ नाहीतच. त्यामुळे समुद्रात मासा कैरीसारखा सुकू लागतो आणि नदीत मनुक्यासारखा फुगू लागतो.

यावर माशाने दोन वेगळ्या तोडी काढल्या आहेत. समुद्रात असताना तो सतत पाणी पितो आणि जास्तीचे मीठ कल्ल्यांतील खास पेशींतून बाहेर टाकतो. गोड्या पाण्यात तो पाणी पिणे जवळजवळ बंद करतो, मूत्रपिंडांकडून भरपूर पातळ मूत्र बाहेर टाकतो आणि कल्ल्यांच्या पेशी आता उलटे काम करतात, म्हणजे पाण्यातील थोडेथोडके मीठ वेचून आत घेतात. मीठ बाहेर टाकणाऱ्या पेशी केंब्रिज येथे कीज आणि विल्मर या शास्त्रज्ञांनी १९३२ साली वामेच्या कल्ल्यांत दाखवून दिल्या. गोड्या पाण्यातील मासा मीठ वेचून घेतो हे त्याच दशकात डेन्मार्कच्या ऑगस्ट क्रोग यांनी सिद्ध केले.

रोहू-कटल्याला यापैकी एकच विद्या येते, म्हणून खारे पाणी तळ्यात घुसले की ते मरतात. बांगड्याला दुसरी एकच येते. जिताड्याला दोन्ही येतात. पण एका विद्येतून दुसरीत जायला त्याला वेळ लागतो, हे मात्र शेतकऱ्याने पक्के लक्षात ठेवावे. शरीरातील संप्रेरके बदलावी लागतात, कल्ल्यांतील पेशी नव्या कामाला लावाव्या लागतात, आणि यास काही दिवस जातात. तेवढ्या काळात त्याची बरीच शक्ती खर्च होते. भरतीच्या पाण्यातून काढलेले पिल्लू थेट पावसाने भरलेल्या तळ्यात टाकले, तर ते त्याच क्षणी मरेल असे नाही. पण खाणे सोडते, कडेला लागते, अंगाला बुरशी धरते आणि आठवडाभरात नाहीसे होते. आपण म्हणतो, "बी खराब होते." बहुतेक वेळा बी चांगले असते, घाई आपली असते.

आधी नर, मग मादी

जिताड्याची दुसरी गोष्ट ऐकून अनेकांना प्रथम खरे वाटत नाही. हा मासा बहुधा नर म्हणून वयात येतो आणि नंतर त्याच माशाची मादी होते. पापुआ न्यू गिनीतील जिताड्यांवरील अभ्यासातून मूर यांनी १९७९ साली हे सविस्तर मांडले. साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षी तो नर म्हणून समुद्राकडे जातो, एक-दोन हंगाम नर म्हणून काम करतो आणि पुढे मादी बनतो. ऑस्ट्रेलियात हा बदल सहा ते आठ वर्षांच्या सुमारास होतो. आपल्याकडील बीजोत्पादनात चार किलोच्या वरचा मासा मादी असण्याची शक्यता जास्त मानतात. काही थोडे मासे आरंभापासूनच मादी असतात, पण ते अपवाद.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आपण तळ्यात एकाच वर्षी एकाच मापाचे बी सोडतो आणि दोन वर्षांत काढतो. म्हणजे त्या तळ्यात असलेच तर सगळे नर. पुढे ठेवले आणि त्यांपैकी काही माद्या झाल्या, तरी गोड्या पाण्यात त्यांची अंडी नीट पिकत नाहीत. समजा पिकली, तरी नराचे शुक्रजंतू गोड्या पाण्यात हालचालच करीत नाहीत, त्यांना समुद्राचे पाणी लागते. फलित अंडे हे जेमतेम पाऊण-एक मिलिमीटरचे, आत तेलाचा थेंब असलेले. ते लिटरला २८ ते ३२ ग्रॅम क्षारांच्या पाण्यात तरंगते आणि १५ ते १८ तासांत फुटते. गोड्या पाण्यात ते बुडून गाळात जाईल. चार-चार कड्या, आणि तळ्यात त्यांपैकी एकही जुळत नाही.

रोहू-कटलाही साठलेल्या तळ्यात अंडी घालत नाहीत, हे आपणास ठाऊक आहे. पण १९५७ साली डॉ. हिरालाल चौधरी यांनी पीयूष ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन त्यांचे प्रजनन घडवले, आणि तेव्हापासून त्यांचे बी हंगामात मागेल तेवढे मिळते. जिताड्याला इंजेक्शन तर लागतेच, शिवाय समुद्राचे स्वच्छ पाणी लागते, म्हणून त्याचे बीजोत्पादन केंद्र समुद्रकिनाऱ्यावरच उभारावे लागते. थायलंडने १९७० च्या दशकात हे तंत्र बसवले. आपल्या देशात चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यसंवर्धन संस्थेला १९९७ साली यश आले. आज तामिळनाडूतील केंद्रांतून बी मागवता येते. ते महाग पडते आणि लांबून येते, तरी ते एकाच वयाचे व मोजलेले असते.

माद्या किती मोलाच्या, हे एका आकड्यावरून कळेल. थायलंडमध्ये पाच ते अकरा किलोच्या माद्यांत वीस ते सत्तर लाख अंडी मोजली गेली. लग्नसराईत मोठा जिताडा मिळावा म्हणून सर्वांची धडपड असते आणि भावही मोठ्यालाच जास्त. पण खाडीच्या मुखाशी पावसाळ्याच्या तोंडावर धरलेला दहा किलोचा मासा हा जवळजवळ नक्की मादी असतो. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात ५८ सें.मी. पेक्षा लहान आणि १२० सें.मी. पेक्षा मोठा जिताडा धरण्यास बंदी आहे, आणि तेथील पूर्व किनाऱ्यावर प्रजननाच्या काळात तो मुळीच धरू देत नाहीत. लहानाला नर होऊ द्यायचे आणि मोठ्या मादीला राहू द्यायचे, असा तो सरळ हिशेब आहे. आपल्याकडे लहान माशाबद्दल थोडेफार बोलले जाते. मोठ्या मादीबद्दल कोणी बोलत नाही.

उघाडी बंद, तर वाट बंद

आता उत्तराचे दुसरे निम्मे. उघाडीचे दार भरतीला पाण्याच्या दाबाने मिटते आणि ओहोटीला आतल्या पाण्याने उघडते. शेतीला हेच हवे. माशाच्या पिल्लालाही हे चालते, कारण ते खारे पाणी शोधत नसून गोडी धार शोधत असते. ओहोटीच्या शेवटी धार मंदावते तेव्हा आणि भरती लागून दार मिटेपर्यंतच्या थोड्या वेळात पिल्ले आत शिरतात. जुन्या लाकडी दारांना फटी असत, त्यातूनही ती येत. अलिबाग तालुक्यातील शहापूर-धेरंडसारख्या गावांतील शेततळ्यांना जिताड्यासाठी नाव मिळाले ते याच खाडी-नाला-तळे या साखळीमुळे.

ही साखळी अनेक ठिकाणी तुटली आहे. कोठे दार गंजून कायमचे बंद, कोठे पुढे गाळ साचून धारच वाहत नाही, कोठे तोंडाशी बारीक आसाची बोक्षी बारा महिने लावलेली. बोक्षीत कोळंबीबरोबर जिताड्याची आणि बोयीची पिल्ले मरतात आणि ती कोणी वेगळी काढीत नाही. खारफुटी तोडली किंवा भरावाखाली गेली तर पिल्लांची थांबण्याची जागा जाते. नाल्यात सांडपाणी सोडले तर पाण्यातील प्राणवायू पहाटेस इतका कमी होतो की आत शिरलेले पिल्लूही टिकत नाही.

वाट अडवल्याचा परिणाम केवढा होतो, यासाठी गंगेचे उदाहरण पाहावे. फराक्का येथील मोठा बंधारा १९७५ साली सुरू झाला. त्याआधी समुद्रातून अंडी घालण्यासाठी वर चढणारा हिल्सा, म्हणजे आपला पाला, अलाहाबादच्या पुढेपर्यंत मिळत असे. बंधाऱ्यानंतर वरच्या भागातील हिल्शाची मासेमारी जवळजवळ संपली. समुद्रातला मासा संपला नव्हता, दार बंद झाले होते.

उलवे परिसराबद्दल स्पष्ट बोलणे बरे. नवी मुंबई वसताना येथील बहुतेक खार जमीन भरावाखाली गेली. विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, उलवे नदीचे पात्र वळवण्यात आले, आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. ज्यांची शेते साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटांत बदलली त्यांना उघाडीची डागडुजी सांगणे ही थट्टा ठरेल. परंतु खाडी अजून वाहते, उरलेल्या खारफुटीत पिल्ले अजून थांबतात, आणि ती ज्या धारांचा माग घेतात त्या आता पनवेल-उरणच्या उरलेल्या शेतांतून आणि पुढे पेण-अलिबागच्या खारेपाटातून येतात. उलव्याला जे नाले गेले ते परत येणार नाहीत. म्हणूनच जेथे उघाडी अजून चालू आहे तेथे तिची किंमत वाढली आहे.

उघाडीवर काय करावे

शेतात खारे पाणी येऊ द्यावे असे येथे मुळीच सुचवायचे नाही. भाताला रोप अवस्थेत आणि फुलोऱ्यात मीठ सर्वांत जास्त बाधते. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने दिलेल्या पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ या जाती क्षार सोसतात, पण सोसतात म्हणजे मागतात असे नव्हे. उपाय नाल्यापुरता करावा. उघाडीमागच्या नाल्याचा तळ पावसाआधी उपसून शेताच्या पातळीपेक्षा खोल ठेवावा आणि शेताकडचा आतला बांध मजबूत करावा. आषाढ-श्रावणात सलग मोठा पाऊस झाल्यावर खाडीचे पाणीही बरेच गोडे होते. अशा दिवसांत गावकीने ठरवून, माणूस उभा ठेवून, भरती लागताना दार थोडा वेळ बोटभर उघडे राहील अशी पाचर द्यावी आणि नाला भरण्याआधी काढून घ्यावी. पाण्याचा खारेपणा रिफ्रॅक्टोमीटरने आधी पाहावा. यंत्र नसेल आणि पाणी जिभेला खारट लागत असेल तर त्या दिवशी हा प्रयोग करू नये. उधाणाच्या दिवशी तर नाहीच.

बोक्षी लावायचीच असेल तर पावसाळ्यातील पहिले दोन महिने काढून ठेवावी. गोव्यात खाजणाच्या मानशीवरील मासेमारीचा हक्क लिलावाने देतात आणि त्या पैशाचा बांधाच्या दुरुस्तीला उपयोग होतो. दार नीट राहिले तर मासाही राहतो आणि भातही राहते, हे तेथील शेतकऱ्याला फार पूर्वी कळले. आपल्याकडे १९४८ च्या आणि पुढे १९७९ च्या खार जमीन कायद्याने अनेक बांध सरकारी योजनेत आले. दुरुस्तीचा अर्ज तालुक्याला द्यावा, पण गाळ उपसायला अर्जाची वाट पाहू नये.

बी तळ्यात सोडताना

बी खाडीचे असो वा केंद्राचे, ते ज्या पाण्यातून आले त्याचा खारेपणा आधी विचारावा. दोन-तीन सें.मी. चे पिल्लू गोड्या पाण्याला रुळते, त्याहून लहान बी घेऊ नये. टाकीत किंवा मोठ्या पिंपात तेच खारे पाणी घेऊन त्यात रोज थोडे गोडे पाणी मिसळावे आणि खारेपणा दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा जास्त उतरवू नये. तीस ग्रॅमच्या पाण्यातून आलेल्या बियाला यासाठी सहा-सात दिवस लागतील. पाण्यात हवा सोडावी. तळ्यात सोडताना पिशवी अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवावी, म्हणजे तापमान जुळते. सोडण्याचे काम सकाळी लवकर किंवा सायंकाळी करावे.

जिताडा जिताड्यालाच खातो. पहिल्या दोन महिन्यांत तर स्वतःच्या लांबीच्या निम्म्याहून मोठे भावंड गिळतो. शंभर सोडले आणि दहाच निघाले, या तक्रारीमागे चोर कमी आणि ही सवय जास्त असते. म्हणून बी आधी हाप्यात किंवा लहान खड्ड्यात ठेवावे, आठवड्याला एकदा चाळून मोठे व लहान वेगळे करावेत आणि ८-१० सें.मी. झाल्यावरच तळ्यात सोडावे. तळ्यातील तिलापिया व चिंगळ्यांवर वाढवायचे असल्यास गुंठ्यास ३० ते ५० पेक्षा जास्त पिल्ले नकोत. खाद्य आधी तयार हवे, म्हणजे तळ्यात तिलापियाची पिल्ले दिसू लागल्यानंतर जिताडा सोडावा. तिलापिया तळ्यातून नाल्यात निसटू देऊ नये, नदीतील देशी माशांना तो भारी पडतो.

येथे वलगणीचा संबंध येतो. नाल्यात आणि खाचरांत जन्मलेली मळ्याची, खवलीची पिल्ले हेच जिताड्याचे फुकटचे खाद्य आहे, आणि आपल्या घरचे कालवणही. पहिल्या पुरात ओहोळावर आडवे बांध घालून चढता मासा सरसकट काढला, तर गाभोळीसह पुढचे पीकच काढले जाते. चढतीला ओहोळाचा निम्मा भाग तरी मोकळा ठेवावा. आश्विनात शेतातील पाणी उतरू लागले की हेच मासे आणि त्यांची वाढलेली पिल्ले नाल्याकडे परत निघतात. पाग तेव्हा टाकावा.